खानदेशातील वाहने : इंजिनाची ऊब आणि तेलाची निगा

बैलगाडी हेच दळणवळणाचे मुख्य साधन होते, त्या काळी लांबच्या बाजाराला निघण्यापूर्वी गाडीवान चाक उतरवून आसाला वंगण देत असे. एरंडेलाचे वंगण भरलेली नळकांडी गाडीलाच टांगलेली असे आणि आसावरून वंगणाचा हात फिरल्याखेरीज बैल जुंपले जात नसत. कोरड्या आसावर भार पडला की लाकूड असो वा लोखंड, ते झिजणारच, हे ज्ञान त्याला कोणत्याही शाळेत मिळाले नव्हते. आज जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतील रस्त्यांवर बैलगाडीची जागा ट्रॅक्टर, जीप, एस.टी. बस आणि केळीचे ट्रक यांनी घेतली आहे. वंगण बाहेरून दिसेनासे झाले, ते इंजिनाच्या पोटात गेले. प्रश्न मात्र तोच राहिला आहे : आधी तेल पोहोचते की आधी भार पडतो?

या प्रश्नाचा संबंध सार्वजनिक पैशाशीही आहे. प्राथमिक आरोग्य केंद्राची रुग्णवाहिका, पंचायत समितीची जीप, ग्रामपंचायतीची घंटागाडी, नगरपरिषदेचा अग्निशमन बंब ही वाहने लोकांच्या करातून घेतलेली असतात. त्यांचे इंजिन वेळेआधी उघडावे लागले, तर खर्च होतोच. शिवाय वाहन दुरुस्तीत असेल तेवढे दिवस सातपुड्याच्या पायथ्याच्या एखाद्या पाड्यावरील रुग्णाला दुसऱ्या वाहनाची वाट पाहावी लागते. हिशेबवहीत पहिली गोष्ट दिसते, दुसरी दिसत नाही.

सकाळी वाहन सुरू करण्याच्या दोन पद्धती सर्वत्र आढळतात. एक चालक इंजिन सुरू होताच ॲक्सिलरेटर दाबून ते गरगरवतो. मोठा आवाज झाला म्हणजे इंजिन ‘मोकळे’ झाले, अशी त्याची समजूत असते. दुसरा वाहन सुरू करून ठेवतो आणि चहा घेण्यास जातो. दहा-पंधरा मिनिटांनी परत येतो, तोवर इंजिन तापते, असा त्याचा हिशेब असतो. पहिला घाई करतो, दुसरा काळजी घेतो, असे वरवर वाटते. वास्तविक दोघेही इंजिनाचे नुकसानच करतात.

रात्रभर तेल कोठे असते?

इंजिन बंद झाले की तेल हळूहळू ओघळून तळाच्या चेंबरमध्ये जमा होते. सिलिंडरच्या भिंती, क्रँकचे बेअरिंग, वरच्या बाजूचा कॅम यांवर केवळ एक पातळ लेप उरतो. सकाळी किल्ली फिरवल्यावर पंप तळाचे तेल ओढतो, गाळणीतून पुढे ढकलतो आणि नलिकांतून सर्वत्र पोहोचवतो. या प्रवासाला काही सेकंद लागतात. त्या सेकंदांत इंजिन केवळ आदल्या दिवशीच्या लेपावर चालत असते. इंजिनाच्या झिजेचा मोठा हिस्सा सुरुवातीच्या क्षणांत आणि त्यानंतरच्या थंड धावेत होतो, असे जे म्हटले जाते, त्याचे कारण हे आहे.

तेल पोहोचल्यावर नेमके काय घडते, याचा शोध १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये जवळजवळ अपघाताने लागला. बोशँप टॉवर हे अभियंते रेल्वेच्या आसाच्या बेअरिंगवर प्रयोग करीत होते. तेल घालण्यासाठी बेअरिंगच्या माथ्यावर त्यांनी एक छिद्र पाडले. आस फिरू लागताच त्या छिद्रातून तेल आत जाण्याऐवजी बाहेर येऊ लागले. त्यांनी बूच बसवले, ते उडाले. लाकडी खुंटी ठोकली, तीही बाहेर ढकलली गेली. फिरणारा आस स्वतःच तेलाला पाचरीसारखे आत ओढून त्यात एवढा दाब निर्माण करतो की, वरचा सारा भार तेलाच्या पडद्यावर तोलला जातो आणि धातूला धातू लागतच नाही, हे त्यातून स्पष्ट झाले. १८८६ मध्ये ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी त्याचे गणित मांडले. भुसावळसारख्या रेल्वेच्या गावात ज्यांच्या पिढ्या आगगाडीच्या आसांना तेल देण्यात गेल्या, त्यांना या शोधाचे कौतुक विशेष वाटावे.

हा पडदा माणसाच्या केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्श्याहूनही पातळ असतो. तो टिकण्यासाठी तीन गोष्टी लागतात : आसाची गती, तेलाचा योग्य दाटपणा आणि तेलाचा अखंड पुरवठा. इंजिन सुरू होण्याच्या क्षणी गती नसते आणि पुरवठाही नसतो. अशा वेळी ॲक्सिलरेटर दाबणे म्हणजे कोरड्या आसावर भरलेली गाडी हाकणे होय.

विहिरीवरच्या जुन्या डिझेल इंजिनांशी ज्यांचा संबंध आला, त्यांना ही गोष्ट हाताने ठाऊक होती. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी पुण्यात १९४६ मध्ये स्थापन झाली आणि तिच्या व तिच्यासारख्या इतर कारखान्यांच्या इंजिनांनी महाराष्ट्रातील असंख्य मोटा थांबवल्या. ते इंजिन सुरू करताना शेतकरी आधी वरचा खटका उचलून सिलिंडरमधील दाब मोकळा करी, हँडलने चाक अनेक फेरे फिरवी आणि चाकाला वेग आल्यावरच खटका खाली टाकी. दाब मोकळा केल्याने हँडल फिरवणे सोपे जाई, हे त्याचे प्रत्यक्ष कारण. पण त्या फेऱ्यांत तेल बेअरिंगपर्यंत पोहोचण्यासही अवधी मिळत असे. पहिला भडका उडण्यापूर्वी इंजिन ओले झालेले असे. किल्लीच्या सोयीने हा अवधी हिरावून घेतला आहे. तो चालकाने संयमाने परत द्यावयाचा आहे.

थांबावे, पण किती?

येथे हवामानाचा विचार करणे अगत्याचे आहे. खानदेशात डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा दहा अंशांच्या खाली उतरतो. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे तो ४५ अंशांच्या आसपास जातो. हिवाळ्याच्या सकाळी घरातील खोबरेल तेल बाटलीत गोठलेले असते. इंजिनातील तेलही असेच घट्ट झाले असेल, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. शिक्षकांना वर्गात दाखवता येईल असा एक साधा प्रयोग या शंकेचे उत्तर देतो. एका बाटलीत खोबरेल व दुसरीत नवे इंजिन ऑइल घेऊन दोन्ही बाटल्या थंडीच्या रात्री उघड्यावर ठेवाव्यात. पहाटे खोबरेल बाटली उलटी केली तरी सांडत नाही. इंजिन ऑइल मात्र जरा संथपणे का होईना, वाहते.

याचे रहस्य डब्यावरील अंकांत आहे. तेलाच्या दाटपणाची वर्गवारी एस.ए.ई. या अमेरिकन अभियंता संस्थेने १९११ पासून सुरू केली. ‘१५ डब्ल्यू-४०’ असे लिहिलेले असते, त्यातील ‘डब्ल्यू’ हे हिवाळ्याचे चिन्ह आहे. त्याच्या आधीचा अंक थंडीत तेल किती सहज वाहते हे सांगतो. तो जितका लहान, तितके तेल थंडीत अधिक प्रवाही. नंतरचा अंक १०० अंश सेल्सिअसला तेलाचा दाटपणा किती उरतो हे सांगतो. १५ डब्ल्यू तेलाची थंडीतील कसोटी शून्याखाली २० व २५ अंशांवर घेतली जाते. अशी थंडी खानदेशात कधीच पडत नाही. म्हणजे येथील कडाक्याच्या पहाटेलाही, योग्य तेल असेल तर, ते पंपाला सहज ओढता येते. दहा-पंधरा मिनिटे वाहन उभ्याने तापवण्यास येथील हवामान कोणतेही कारण पुरवीत नाही.

मग ही सवय आली कोठून? ती कार्ब्युरेटरच्या काळातील आहे. ॲम्बेसेडर, प्रीमियर पद्मिनी या गाड्यांत थंड इंजिनाला चोक ओढून अधिक पेट्रोल द्यावे लागे. चोक लवकर सोडला तर इंजिन अडखळून बंद पडे. म्हणून लोक थांबत. आता पेट्रोल इंजिनात इंधनाचे प्रमाण विद्युत यंत्रणा स्वतः ठरवते. सवय मात्र उरली आहे, आणि ती शिकवणारे उस्ताद अजून आहेत.

उभ्याने चालणारे इंजिन सावकाश तापते, कारण त्यावर भार नसतो. ते जितका वेळ थंड राहते तितका वेळ इंधन पूर्णपणे जळत नाही. न जळलेले इंधन सिलिंडरच्या भिंतीवरील तेलाचा लेप धुऊन खाली उतरते आणि चेंबरमधील तेल पातळ करते. शिवाय एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे तेवढेच पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. त्यातील काही वाफ पिस्टनच्या कड्यांवरून खाली सरकते. इंजिन गरम असेल तर ती निघून जाते. थंड असेल तर तिचे पाणी होऊन तेलात मिसळते. तेलाच्या झाकणाखाली ताकाच्या रंगाचा चिकट थर दिसतो, तो बहुधा याचाच. असा थर दिसल्यावर एकदा लांबची फेरी करून पाहावी. तरीही तो परत येत असेल आणि रेडिएटरचे पाणीही कमी होत असेल, तर मात्र हेड गॅस्केटची तपासणी करून घेणे आवश्यक ठरते.

योग्य रीत अशी. डिझेल वाहनात हीटरचे चिन्ह विझेपर्यंत किल्ली रोखून धरावी, मग इंजिन सुरू करावे. ॲक्सिलरेटरला पाय लावू नये. तेलाच्या दाबाचा लाल दिवा विझल्यावर सुमारे अर्धा मिनिट थांबावे. तेवढ्यात पट्टा बांधणे, आरसा पाहणे ही कामे होतात. नंतर वाहन हळू बाहेर काढावे आणि पहिले आठ-दहा किलोमीटर मध्यम गतीने, इंजिनाला न ताणता चालवावे. येथे एक बाब सहसा ध्यानात येत नाही. समोरचा काटा पाण्याची उष्णता दाखवतो, तेलाची नव्हे. पाणी चार-पाच किलोमीटरमध्ये तापते. तेलाला त्याहून बराच अधिक वेळ लागतो. काटा मध्यावर आला म्हणून चालकाने लगेच वेग वाढवू नये. ट्रॅक्टरचालकानेही शेतात पोहोचताच नांगर खोल न घालता पहिल्या दोन-चार तासांच्या रेघा हलक्या ओढाव्यात.

रुग्णवाहिकेला एवढा अवधी नसतो, हे खरे. रुग्ण गाडीत असताना कोणी आठ किलोमीटर संथ चालवावे असे सांगणार नाही. परंतु म्हणूनच त्या वाहनात योग्य प्रतीचे, योग्य पातळीचे आणि ताजे तेल असणे इतर कोणत्याही वाहनापेक्षा अधिक महत्त्वाचे आहे. तेलाची निगा नीट राखली असेल, तर ते इंजिन पहिल्या अर्ध्या मिनिटानंतर आणीबाणीचा ताण निभावून नेते.

राखीव वाहनांच्या बाबतीत तर एक रूढी सर्रास आढळते : रोज सकाळी पाच मिनिटे इंजिन सुरू करून बंद करणे. बॅटरीसाठी हे केले जाते. इंजिनाच्या दृष्टीने मात्र ही रोजची थंड सुरुवात असून तीत वाफेचे पाणी साचते, ते उडून जाण्याइतकी ऊब कधीच येत नाही, आणि बॅटरीतून जेवढी वीज सुरू करण्यात खर्च होते तेवढी पाच मिनिटांत पुरती भरूनही निघत नाही. त्याऐवजी आठवड्यातून एकदा वाहन पंधरा-वीस किलोमीटर रस्त्यावर फिरवून आणावे. लॉगबुकात त्या फेरीचे कारण लिहिले म्हणजे लेखापरीक्षणात शंका येण्याचे कारण उरत नाही.

लॉगबुकाचा विषय निघालाच आहे, तर एक हिशेब पाहण्यासारखा आहे. रोज दहा मिनिटे वाहन उभ्याने चालू ठेवले, तर वर्षाच्या ३०० दिवसांत पन्नास तास होतात. उभे वाहन ताशी अर्धा ते एक लिटर इंधन पिते, म्हणजे २५ ते ५० लिटर इंधन एकही किलोमीटर न चालता गेले. त्याहून मोठी गोष्ट अशी की, उभ्याने चाललेला एक तास तेलाच्या दृष्टीने चाळीसएक किलोमीटर धावण्याइतका धरला जातो. पन्नास तासांचे हे दोन हजार किलोमीटर मीटरवर उमटत नाहीत. तेल बदलण्याची तारीख मात्र मीटर पाहूनच ठरते. बंद खोलीत किंवा शेडमध्ये इंजिन चालू ठेवण्याने विषारी वायू साचून जिवाला धोका होतो, ही बाब तर वेगळीच.

ऊन, धूळ आणि रुई

खानदेशात इंजिनाचा खरा शत्रू थंडी नव्हे. उन्हाळ्यात तापलेल्या रस्त्यावरून चढण चढणाऱ्या वाहनाचे तेल फार तापते, आणि तापमानात दर दहा अंशांची वाढ झाली की तेल खराब होण्याचा वेग अंदाजे दुप्पट होतो, असा ढोबळ नियम आहे. चाळीसगावहून कन्नड घाट, साक्रीकडून नवापूरकडे जाताना कोंडाईबारी घाट, शिरपूरच्या पुढे सेंधव्याकडे बिजासन घाट; या चढणी चढून माथ्यावर थांबताच इंजिन बंद करण्याची सवय घातक आहे. आजच्या बहुतेक डिझेल वाहनांत टर्बो असतो. त्याची चक्री मिनिटाला लाखाहून अधिक फेरे फिरते आणि तिचा आस इंजिनाच्याच तेलावर तरंगतो. इंजिन एकदम बंद केले की तेल थांबते, चक्री मात्र क्षणभर फिरत राहते आणि तप्त बेअरिंगमध्ये अडकलेले तेल जळून कोळसा होते. चढणीनंतर एक-दोन मिनिटे इंजिन मंद चालू ठेवून मग बंद करावे. उभ्याने इंजिन चालू ठेवण्याचे समर्थन करता येते ते येथे, सकाळी नव्हे.

उन्हाळ्यात शेतरस्त्यांवरची धूळ पिठासारखी बारीक होते. तिच्यातील वाळूचे कण धातूहून कठीण असतात. एअर क्लीनर फाटलेला असेल किंवा त्याचा रबरी जोड सैल असेल, तर हे कण तेलात मिसळतात, आणि मग तेल वंगण न राहता पॉलिश कागदाचे काम करू लागते. जुन्या ट्रॅक्टरांत तेलाचे भांडे असलेला एअर क्लीनर असतो. नांगरटीच्या दिवसांत ते भांडे रोज उघडून पाहावे व तळाशी गाळ साचला असेल तर धुऊन नवे तेल खुणेपर्यंतच भरावे. कागदी गाळणी आपटून किंवा जोराच्या हवेने झोडपून साफ करण्याची पद्धत मोहाची आहे, पण तिने कागदाला डोळ्यांना न दिसणारी भोके पडतात. कापसाच्या हंगामात जिनिंगच्या आवारात ये-जा करणाऱ्या वाहनांची आणखी एक अडचण असते : उडणारी रुई रेडिएटरच्या जाळीवर गोधडीसारखी बसते. पाणी पुरेसे असूनही इंजिन तापू लागले, तर प्रथम ही जाळी पाहावी.

पातळी, रंग आणि बदल

तेलाची पातळी आठवड्यातून एकदा, वाहन सपाट जागी उभे करून, इंजिन बंद झाल्यानंतर पाच-दहा मिनिटांनी पाहावी. काडी पुसून पुन्हा घालावी व मगच वाचावी. तेल दोन खुणांच्या मध्ये असावे. ‘थोडे जास्त असलेले बरे’ हा न्याय येथे लागू पडत नाही. पातळी फार चढली तर फिरता क्रँक तेल घुसळतो, फेस होतो, आणि फेसाचा पडदा भार पेलत नाही.

डिझेल इंजिनातील तेल काळे झाले म्हणजे बाद झाले, हाही गैरसमज आहे. काजळी पकडून ठेवणे हे त्या तेलाचे कामच आहे. ते काळे होते, याचा अर्थ ते काम करीत आहे. बोटांत चोळून तेलाची परीक्षा करणारे अनुभवी कारागीर पुष्कळ आहेत. त्यांच्या बोटांना वाळूची किरकिर कळेल, पाणी कळेल, डिझेलचा वासही कळेल. तेलातील रसायने संपली की नाही, हे मात्र कोणत्याच बोटाला कळत नाही. त्यासाठी पुस्तिकेतील किलोमीटर किंवा ट्रॅक्टरवरील तासांचे मीटर पाहावे. अनेक ट्रॅक्टरांत हा अवधी २५० तासांचा असतो. पुस्तिकेत धूळ, उष्णता, छोट्या फेऱ्या यांसाठी ‘कठीण वापर’ असा वेगळा, कमी अवधीचा तक्ता असतो. खानदेशातील ग्रामीण वाहनांनी तोच तक्ता आपला समजावा. तेलाबरोबर तेलाची गाळणीही बदलावी. ती वाचवून होणारी बचत फसवी आहे.

१ एप्रिल २०२० पासून विकल्या गेलेल्या भारत स्टेज ६ वाहनांबाबत एक नवी दक्षता घ्यावी लागते. डिझेल वाहनाच्या धुराड्यात काजळी अडवणारी गाळणी असते आणि ती अधूनमधून आपोआप जाळून साफ केली जाते. वाहन नेहमी छोट्याच फेऱ्या करीत असेल, तर ही सफाई अर्धवट राहते आणि तीसाठी सोडलेले जादा डिझेल तेलात उतरते. अशा वेळी काडीवर तेलाची पातळी कमी होण्याऐवजी वाढलेली दिसते. ‘आमची गाडी तेल पीत नाही’ असे समाधान मानू नये. तेल पातळ होत आहे, हे ओळखून ते बदलावे. या वाहनांना कमी राख देणारे तेल लागते. जुन्या जीपसाठी आणलेल्या पिंपातले तेल त्यांत ओतू नये. सुटे तेल घेणे टाळावे, आणि रिकामा डबा भोक पाडूनच टाकावा, म्हणजे त्यात बनावट तेल भरून तो पुन्हा बाजारात येत नाही.

काढलेल्या तेलाचे काय?

ग्रामीण भागात जुने तेल दारांना, खुंट्यांना वाळवीसाठी लावतात. उरलेले गटारात किंवा बांधावर ओतले जाते. त्यात झिजलेल्या धातूंचे कण आणि अर्धवट जळालेल्या इंधनाची अपायकारक द्रव्ये असतात. केळीच्या बागा, विहिरी आणि कूपनलिका यांवर ज्या प्रदेशाचे जीवन अवलंबून आहे, तेथे ते जमिनीत मुरू देणे परवडणारे नाही. २०१६ च्या घातक कचरा नियमांनुसार वापरलेले तेल हे घातक कचऱ्यात मोडते आणि ते प्राधिकृत पुनर्प्रक्रिया उद्योगाकडेच जावयास हवे. १ एप्रिल २०२४ पासून तेल उत्पादकांवरही ते परत गोळा करण्याची वाढती जबाबदारी टाकण्यात आली आहे. ग्रामपंचायतीने गावातील गॅरेज व ट्रॅक्टरमालक यांच्यासाठी सावलीच्या जागी झाकणाचे एक पिंप ठेवावे. त्यात पाणी, रॉकेल किंवा ब्रेकचे तेल मिसळू देऊ नये, कारण मिसळलेल्या तेलावर पुनर्प्रक्रिया करणे कठीण होते. पिंप भरल्यावर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची मान्यता असलेल्या उद्योगास ते द्यावे आणि दिलेल्या तेलाचे माप व पावती दप्तरी ठेवावी.